जरा जलद फिरणारी तबकडी

आमच्या कचेरीत सगळे त्यांना कानसेन म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. हे नाव आपल्याला आवडतं, हे ते कधी कबूल करत नसत. पण एकदा घाईत फोन उचलून ते स्वतःच "हां, कानसेन बोलतोय" म्हणाले आणि पलीकडे नेमका पोलीस खात्यातला कुणी बडा अधिकारी होता. मी त्यांचं पान लावायची. गुरुवारी जॅझवरचा लेख आणि रविवारी भाषणस्वातंत्र्यावरचा स्तंभ, दोन्ही माझ्या हातून जायचे. जागा पुरली नाही की मजकूर कापायचा मी, आणि कापला म्हणून बोलणी खायची तीही मीच. माणूस भाषणस्वातंत्र्याचा कैवारी असल्यामुळे बोलण्यात हात आखडता नसायचा.

त्यांच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी, एक रेडिओ असायचा. त्यावर दुपारी कुठल्याशा लांबच्या स्टेशनावरून जॅझ लागायचं, निम्मं संगीत आणि निम्मी खरखर. शाळेतून आलेला मुलगा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ते ऐकायचा. त्याच दुकानात त्यांनी दुसरीही गोष्ट पाहिली. गिऱ्हाईक खुर्चीत बसून वडिलांच्या राजकीय मतांना मनसोक्त शिव्या घालायचं आणि वडील त्याच्या गळ्यावरून वस्तरा फिरवत शांतपणे ऐकून घ्यायचे. "भाषणस्वातंत्र्य मी तिथं शिकलो," कानसेन भाषणांत सांगायचे. "ज्याच्या हातात वस्तरा आहे, त्यानं ऐकून घ्यायचं." या वाक्यावर हमखास टाळ्या पडत. वाक्य चांगलंच होतं, पण मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की टाळ्या सुरू व्हायच्या आत मी चहाला उठायची.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. क्लबातले रात्रीचे कार्यक्रम ऐकायला ते जात नसत. रात्री ऐकणारे पितात आणि वाजवणारेही पितात, कोण कसा आहे ते दुपारच्या तालमीतच कळतं, असं त्यांचं म्हणणं. तबकड्या मात्र घरी, स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या खुर्चीत बसून, डोळे मिटून ऐकायच्या. ज्याच्यावर एकदा कडक लिहिलं, त्याच्यावर पुन्हा लिहायचं नाही आणि त्याला ऐकायलाही जायचं नाही. आपला राग किंवा आपली कीव, दोन्हीपैकी काहीतरी दुसऱ्या लेखात शिरतंच, असं ते म्हणत. आणि ज्याच्यावर लिहिलं, त्याला त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत, एक शब्दही न कापता उत्तर द्यायची मुभा. अशा उत्तरांत लोकांनी त्यांना बहिरा, विकाऊ आणि एकदा तर भाडखाऊसुद्धा म्हटलं. त्यांनी सगळं छापलं. शुद्धलेखनही सुधारू देत नसत.

आता सावकाशबद्दल सांगायला हवं.

सावकाश सॅक्सोफोन वाजवायचा. हे नाव त्याला जोडीदार वादकांनी दिलेलं. तो सावकाश चालायचा, सावकाश जेवायचा, विनोद सांगितला तर इतरांचं हसून झाल्यावर हसायचा. दिवसा तो बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत नोकरी करी. छत्र्या, चष्मे, कुणाचा तरी एकच बूट, अशा गोष्टींच्या मांडण्यांमध्ये बसून राहायचं, हे काम त्याच्या प्रकृतीला मानवणारं होतं. रविवारी दुपारी एका हॉटेलाच्या तळघरात नाचायला येणाऱ्या जोडप्यांसाठी तो वाजवी. त्याचं वाजवणंही तसंच. एक सूर ठेवायचा, मग थांबायचं, मग ऐकणाऱ्याला वाटावं की हा आता विसरला, आणि मग पुढचा. कानसेनांनी त्याला तालमीत ऐकलं तेव्हा घरी येऊन बायकोला सांगितलं होतं, "या माणसाला गप्प बसता येतं. वाजवणारे पुष्कळ आहेत."

मग एका छोट्या कंपनीनं सावकाशची तबकडी काढली. पहिलीच. कानसेनांनी ती घरी लावली आणि त्यांना धक्का बसला. तालमीत ऐकलेल्याच धुना होत्या, पण सगळ्या जराशा घाईत. आवाज ताणलेला, गळा आवळल्यासारखा. आणि दोन सुरांमधली ती प्रसिद्ध शांतता आक्रसलेली. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा ऐकली. मग लिहायला बसले आणि तो लेख लिहिला, ज्याचं नाव 'लाल दिवा'.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत लाल दिवा लागला की आपलं वाजवणं आता कायमचं नोंदलं जाणार हे वादकाला कळतं, असं त्या लेखात होतं. माणसांसमोर मोकळा असणारा हा वादक यंत्रासमोर घाबरला. कुणी त्याला दटावलं नव्हतं, कुणी मनाई केली नव्हती. नोंद होते आहे एवढं कळणं पुरेसं होतं. तो कुत्रं मागे लागल्यासारखा पळत सुटला. आणि ज्या समाजात प्रत्येक बोलण्याची कुठेतरी नोंद होते, तो सगळा समाज असाच घाईत, आवळल्या गळ्यानं बोलू लागेल.

लेख गाजला, आणि नुसता गाजला नाही तर धावत सुटला. संगीताशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांनी तो कापून ठेवला. कॉलेजांत शिकवला गेला, पोलिसांच्या पाळतीविरुद्धच्या सभांत वाचला गेला. संपादकांनी कानसेनांना रविवारचा स्तंभ दिला आणि त्याचं नावच 'लाल दिवा' ठेवलं. ज्यांच्याकडे ती तबकडी होती त्यांनी ती पुन्हा लावून पाहिली, आणि लेख वाचल्यावर सगळ्यांनाच तिच्यात भीती ऐकू येऊ लागली. मलाही यायची, खोटं कशाला बोलू?

फक्त सावकाशच्या खोलीतले सहकारी हसले. "हा आणि घाई? याला जिना उतरायला लावा, खाली पोचेस्तोवर कचेरी बंद होते." पण बस कंपनीच्या कारकुनांना कोण विचारतो!

सावकाशनं उत्तर पाठवलं नाही. कानसेनांनी जागा राखून ठेवली होती, ती शेवटी मी हवामानाच्या अंदाजानं भरली. पुढे त्याच कंपनीनं त्याची दुसरी तबकडी करायला घेतली होती, ती अर्ध्यावर सोडली, असं कानावर आलं. वादकाला जमेना, म्हणे. कानसेनांनी एका स्तंभात ओझरता उल्लेख केला की आपलं निदान दुर्दैवानं बरोबर निघालं. 'दुर्दैवानं' हा शब्द त्यांनी मनापासून वापरला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नंतरची बरीच वर्षं गेली ती त्या स्तंभाच्या जोरावर. महापौरांचं चित्र काढून तुरुंगात गेलेल्या व्यंगचित्रकारासाठी ते भांडले. ज्याचं एकूण एक मत त्यांना किळसवाणं वाटायचं अशा एका धर्मोपदेशकाची सभा बंद पाडली गेली, तेव्हा त्याच्यासाठीही भांडले, आणि तो उपदेशक आभार मानायला आला तेव्हा त्याला जिन्यावरूनच परत पाठवला. दोनदा कोर्टानं आणि एकदा एका मंत्र्यानं त्यांना लिहिलेलं मागे घ्यायला सांगितलं. त्यांचं उत्तर पाठ होतं: "लिहिलेलं मागे घ्यायचं नसतं, त्याच्यावर आणखी लिहायचं असतं." त्यांनी आयुष्यात एक ओळ मागे घेतली नाही. त्यांची सगळी पत होती ती यावर.

घरी वहिनी पियानो शिकवायच्या. कचेरीतून कधी मी प्रुफं घेऊन गेले की आतल्या खोलीतून कुणाचं तरी पोर तेच तेच बडवत असायचं आणि बाहेरच्या खोलीत कानसेन तबकडी ऐकत असायचे. दोन्ही एकदम चालू असलं की अंगावर काटा यायचा. त्या घरात तबकडीचं आणि पियानोचं कधी पटलंच नाही, सासू-सुनेसारखं. वहिनींनी पूर्वी तबकडीबरोबर वाजवून पाहिलं होतं, पण सूरच जुळेना, तेव्हा सोडून दिलं. "कंपन्या तबकड्या जरा चढ्याच काढतात," असं त्या घरात मानलं जायचं. त्यात फार कुणी डोकं घातलं नाही.

मग तो कायदा आला. नाट्यगृहं, क्लब, सभेच्या जागा, सगळीकडे पोलीस ध्वनिमुद्रणाची यंत्रं बसवणार. बोलायला बंदी नाही, फक्त नोंद राहील, असं सरकार म्हणत होतं. आमच्या वर्तमानपत्रानं कायद्याला कोर्टात आव्हान दिलं. आमच्या वकीलबाई हुशार होत्या. सरकार म्हणतं नुसत्या नोंदीनं कुणाचं नुकसान होत नाही. मग 'लाल दिवा' यापेक्षा चांगला पुरावा कुठला? कानसेन साक्षीला उभे राहतील, लेख वाचतील. आणि वकीलबाईंना आणखी एक कल्पना सुचली. ती तबकडीच कोर्टात वाजवायची. न्यायाधीशांनाही कान आहेतच की. त्यांनी स्वतःच्या कानांनी भीती ऐकावी.

कानसेन खूश झाले. आपली तबकडी त्यांनी घरून आणली, कागदात गुंडाळून, पोटाशी धरून. कचेरीत नुकतंच नवं यंत्र आलं होतं, तेच कोर्टात न्यायचं ठरलं होतं. दुपारी आम्ही तिघं बैठकीच्या खोलीत बसलो: कानसेन, वकीलबाई आणि मी.

त्या तबकडीवर पहिल्या धुनेत एक ओरखडा होता आणि कानसेनांना त्याची जागा पाठ होती. तो आला की 'टक्' वाजायचं, आणि बरोबर त्याच क्षणी ते तर्जनी उचलायचे. घरी पाहुण्यांसमोर ही त्यांची नेहमीची गंमत. मी यंत्र सुरू केलं. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांची तर्जनी वर गेली.

टक् झालं नाही.

बोट तसंच हवेत राहिलं. मग टक् झालं. बोट खाली आलं नाही.

सॅक्सोफोन शांतपणे वाजत होता. एक सूर, मग थांबणं, मग पुढचा. गळा मोकळा होता. कुणी कुणाच्या मागे लागलेलं नव्हतं. वकीलबाई पुढे वाकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "छान वाजवतोय की. भीती पुढच्या बाजूला आहे का?"

"तुमचं मशीन हळू फिरतंय," कानसेन म्हणाले.

मी तबकडीच्या काठावर कागदाचा कपटा ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत एका मिनिटातले फेरे मोजले. मशीन बरोबर होतं. त्यांनी स्वतः मोजले. तरीही बरोबर होतं. मग त्यांनी तबकडी उचलली, मागून पुढून पाहिली, जणू ती दुसऱ्याच कुणाची निघेल. ओरखडा त्यांचाच होता.

त्यांच्या घरी मी बरोबर गेले, कारण त्यांना एकट्यानं जाऊ द्यावंसं मला वाटेना. घरी गेल्यावर कोट न काढता त्यांनी आपल्या जुन्या यंत्राची तबकडीखालची थाळी उचलून बाजूला ठेवली. आत मोटारीचं एक छोटं पितळी चाक असतं आणि त्याच्यावरून रबरी पट्टा थाळी फिरवतो. त्या पितळी चाकाला कापडी चिकटपट्टीचा एक वेढा दिलेला होता. जुना, काळा पडलेला, हाडासारखा कडक झालेला.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "अहो, हे काय चाललंय?"

"ही पट्टी कुणी लावली?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच. रबर निसटायचं म्हणून. नवं रबर मिळत नव्हतं तेव्हा. नंतर रबर बदललं, पण पट्टी राहिली असेल तशीच." त्या जवळ येऊन बघू लागल्या. "का हो?"

चाकाची जाडी वाढली की थाळी जोरात फिरते. फार नाही, जराशी. एकट्या तबकडीवरून हे कुणाला कळणार नाही, कारण घरातल्या सगळ्याच तबकड्या तितक्याच जोरात फिरत होत्या. परदेशी वादकांना त्यांनी प्रत्यक्ष कधी ऐकलंच नव्हतं. प्रत्यक्षात ऐकलेला आणि मग त्या यंत्रावर ऐकलेला माणूस एकच होता, सावकाश.

"कधी लावली?" कानसेनांनी विचारलं, जणू दिवसामहिन्यानं काही फरक पडणार होता.

"आपण या घरात आलो तेव्हा," वहिनी म्हणाल्या. मग त्यांच्याही डोक्यात उजेड पडला असावा, कारण त्या हळूच म्हणाल्या, "म्हणून तर माझा पियानो जुळत नव्हता. मी म्हणत होते ना, तबकडी वर जाते."

"तू म्हणालीस कंपन्याच तशा काढतात."

"मी नाही हो. ते तुम्ही म्हणालात."

कानसेन खुर्चीत बसले. ती ऐकायची खुर्ची होती. मला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि रागही आला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कानांना नावं ठेवली म्हणून. पण दया जास्त होती.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी कानसेनांना फोनवर साफ सांगितलं. तबकडी कोर्टात न्यायची नाही, झालं. लेखातला विचार खराच आहे, तो एका तबकडीवर थोडाच उभा आहे? तुम्ही उभे राहा, लेख वाचा, खाली बसा. कुणी विचारणार नाही. आणि आत्ता हे बाहेर पडलं तर खटला गेला म्हणून समजा, शिवाय तुम्हीही.

त्यांचं चूक नव्हतं. कायदा खरोखरच वाईट होता. पण सावकाश जिवंत होता, आणि गावभर तो 'दिव्याला भ्यायलेला' म्हणून ओळखला जात होता. पोरंसोरंसुद्धा त्याला तसं म्हणायची. कानसेन गप्प राहिले तर तो तसाच मरणार होता.

फोननंतर मी त्यांच्या घरी गेले. कानसेनांनी नखानं ती पट्टी सोलून काढली, पाकिटात घातली आणि मला म्हणाले, "बाई, चला जरा."

हरवलेल्या वस्तूंची खोली बस आगाराच्या मागच्या बाजूला होती. निवृत्तीचं वय उलटलं तरी सावकाशला तिथून कुणी उठवलं नव्हतं, बहुधा तो उठेपर्यंत वाट बघायचा कंटाळा आला असेल. फळ्यांवर छत्र्यांच्या राशी. फळ्यांपलीकडे तो बसलेला, केस पूर्ण पांढरे. कानसेनांना त्यानं लगेच ओळखलं. उभा राहिला नाही.

कानसेनांनी पट्टी त्याच्यासमोर लाकडी फळीवर ठेवली.

सावकाशनं ती बराच वेळ पाहिली. मग त्याच्या सवयीनं विचारलं, "कुणाची हरवलीय?"

"माझी," कानसेन म्हणाले, आणि सगळं सांगितलं. मोटार, चाक, वेढा, ओरखडा. काही सुशोभित केलं नाही. मी त्यांचं इतकं रूक्ष बोलणं पहिल्यांदाच ऐकत होते.

सावकाशनं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबर वाजवलं होतं."

"अगदी बरोबर."

"मला आठवतंय तसंच वाजवलं होतं मी. पण तुम्ही एवढं ठासून लिहिलं होतं. मला वाटलं, घाबरलो असेन. माणसाला स्वतःचं कुठं कळतं?" तो थांबला. आम्हाला वाटलं झालं बोलून. "दुसऱ्या वेळी खोलीत गेलो, लाल दिवा लागला, आणि मला तुमचा लेख आठवला. बोटं पळायला लागली. थांबवता येईनात. कंपनीवाला चांगला माणूस होता, म्हणाला पुन्हा करू. पुन्हाही तेच. मग मीच म्हटलं, राहू द्या."

"तुम्ही ती तबकडी कधी लावून पाहिली नाहीत?"

"कशाला? घाबरलेला आवाज ऐकायला?"

बाहेर कुणीतरी चष्मा शोधायला आलं. सावकाश उठला, एकेक चष्मा काढून दाखवत राहिला, त्या माणसाचा सापडेपर्यंत. मग परत येऊन बसला.

"कोर्टात हे सांगू का?" कानसेनांनी विचारलं.

"मला काय विचारता? लिहिताना विचारलं नव्हतं."

कोर्टात कानसेन साक्षीला उभे राहिले. वकीलबाईंनी लेख त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि न्यायाधीशांना सांगितलं की ज्या माणसावर हा लेख लिहिला आहे तो घाबरलेला नव्हता. मग चाकाची गोष्ट सांगितली. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. बाकांवर खसखस पिकली, मागे कुणीतरी "कानसेन!" म्हणालं.

सरकारी वकील मोठ्या आनंदानं उठले. "म्हणजे नोंद होते म्हणून माणूस घाबरतो, हे खोटं?"

"या माणसापुरतं खोटं."

"तो कधीच घाबरला नाही?"

कानसेन इथे थांबू शकले असते. "नंतर घाबरला," ते म्हणाले. "माझं छापून आल्यावर."

"म्हणजे यंत्रानं नुकसान केलं नाही. लिहिणाऱ्यानं केलं. मग नजर कुणावर ठेवायला हवी, महाराज, ते आपण ठरवा."

कायदा टिकला. तसा तो टिकलाच असता, असं वकीलबाई पुढे म्हणायच्या, पण हे त्या कानसेनांच्या माघारी म्हणायच्या. निकालात आमच्या साक्षीदाराचं 'माझं छापून आल्यावर' हे वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. ज्यांच्यासाठी कानसेन भांडले होते त्यांतल्या काहींनी रस्त्यात बोलणं टाकलं. व्यंगचित्रकारानं मोठाल्या कानांत चिकटपट्ट्या लावलेलं त्यांचं चित्र काढलं आणि ते आमच्याच वर्तमानपत्रात छापलं गेलं. कानसेनांनीच सांगितलं छापा म्हणून.

पुढच्या रविवारी त्यांनी स्तंभ लिहिला. 'लाल दिवा' मागे घेतला नाही. पूर्ण छापला आणि त्याखाली कुठे, कसं आणि का चुकलं ते लिहिलं. शेवटी एकच वाक्य होतं जे मी कापलं नाही, पण एरवी कापलं असतं: वस्तरा माझ्या हातात होता आणि मी ऐकून घेतलं नाही. उत्तराची जागा सावकाशसाठी मोकळी ठेवली. या वेळी मी तिथे हवामान घातलं नाही. रविवारमागून रविवार ती जागा पांढरी जात राहिली. जाहिरात खात्यानं बोंब मारली. मी त्यांना म्हटलं, त्याचं नावच सावकाश आहे, मी काय करू?

शेवटी उत्तर आलं, तेही सावकाश स्वतः घेऊन आला. जिना चढून यायला त्याला वेळ लागला. मी ते जसंच्या तसं छापलं: 'पहिल्या वेळी मी घाबरलो नव्हतो. हे कळलं ते बरं झालं. रविवारी दुपारी अजून वाजवतो. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी यावं.'

कानसेनांना हे आमंत्रण वाटलं. स्वतःचा नियम मोडून ते निघाले, नवा शर्ट घालून. मीही गेले. हॉटेलाचं तळघर, पॉलिश उडालेली नाचायची जमीन, चार-सहा म्हातारी जोडपी हातात हात घालून हलकेच फिरत होती. सावकाश डोळे मिटून वाजवत होता. एक सूर, मग थांबणं. कानसेन पुढच्या खुर्चीत बसले, अंग सैल सोडून. त्यांचा चेहरा पाहून मला बरं वाटलं.

मग सावकाशनं डोळे उघडले आणि त्याला कानसेन दिसले.

त्यानं मान लववून नमस्कार केला, म्हणजे मनात काही नव्हतं. पण पुढचा सूर जरा लवकर आला. त्याच्या पुढचा आणखी लवकर. जोडप्यांची पावलं चुकू लागली, एक आजी हसून थांबल्या. ड्रमवाला वळून बघू लागला. सावकाशच्या कपाळावर घाम आला होता आणि बोटं पळत होती. गळा आवळल्यासारखा आवाज निघत होता, अगदी लेखात लिहिला होता तसा.

कानसेन धून संपायच्या आत उठले. जिन्याच्या वळणावर, जिथून आतलं दिसत नाही आणि आतल्यांनाही कुणी दिसत नाही, तिथे पायरीवर बसले. मी त्यांच्यामागे गेले. आत थोडा वेळ काहीच वाजलं नाही. मग दुसरी धून सुरू झाली. सुरुवातीला अडखळत, मग हळूहळू स्थिरावत. सूर, मग थांबणं. जमिनीवर पुन्हा पावलं घासू लागली.

मी म्हटलं, "आता जमलंय त्याचं. चला, मागच्या बाजूला बसू या."

"नको," कानसेन म्हणाले. "मी दिसलो की दिवा लागतो."

त्यानंतर ते दर रविवारी यायचे आणि त्या पायरीवर बसून ऐकायचे. हॉटेलवाल्यानं एकदा खुर्ची देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही, जाणाऱ्यायेणाऱ्याला अडचण होईल म्हणाले. सावकाशला हे कुणी सांगितलं नाही. कानसेनांनी त्याच्या वाजवण्यावर पुन्हा एक ओळही लिहिली नाही, आणि मीही मागितली नाही.